घरची चव कोणाची?

सणासुदीच्या जेवणानंतर आपल्याकडे जी प्रशंसा केली जाते, तिचे शब्द बहुधा ठरलेले असतात. ‘अगदी आपल्या घरची चव उतरली आहे,’ असे कोणीतरी वडीलधारे माणूस म्हणते आणि साऱ्या पंगतीला बरे वाटते. हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे, की त्यातल्या ‘आपल्या’ या शब्दापाशी आपण कधी थांबत नाही. चव ही घराची मालमत्ता असते काय? असल्यास ती कोणाच्या नावावर असते? आणि जी व्यक्ती चुलीपाशी उभी राहून ती चव दरवर्षी नव्याने सिद्ध करते, तिचा तिच्यावर हक्क किती? प्रश्न भाजी-आमटीचे आहेत, म्हणून ते क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. तत्त्वज्ञानातले पुष्कळसे प्रश्न माणसांना प्रथम पानावर बसल्याबसल्याच पडले असावेत. ग्रंथांत ते मागाहून गेले.

विवेचनासाठी एकच पदार्थ घेऊ. आम्ही ज्या संकेश्वर परिसरात राहतो, तेथे दसऱ्याच्या पानात पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कोशिंबीर यांच्या जोडीने उजव्या हाताला बटाट्याची पिवळी सुकी भाजी असते. नैवेद्याची असल्याने तीत कांदा-लसूण नाही. बटाटे सालासकट उकडायचे, परातीत पसरून पुरते निवू द्यायचे आणि मग सोलून फोडी करायच्या. ऊन असताना चिरले तर फोडी मोडतात. तेलात मोहरी, हिंग, तांबूस होईतो उडदाची डाळ, हिरवी मिरची, आले, कढीपत्ता आणि हळद. मग फोडी, मीठ, चिमूटभर साखर. एक वाफ आली, की उतरवून ओले खोबरे, कोथिंबीर आणि लिंबू. पंचवीस पानांना दोन-अडीच किलो बटाटे पुरतात. कृती सांगायला चार वाक्ये लागली. तरीही प्रत्येक घर ठामपणे सांगते, की ही भाजी आमच्याकडे होते तशी दुसरीकडे होत नाही. आणि गंमत अशी, की ते खरेही असते.

या ठामपणाची थोडी उलटतपासणी करू. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पश्चिम किनाऱ्यावर तो आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्या मागोमाग. ‘बटाटा’ हे नावही पोर्तुगीजांकडून घेतलेले. मुळात ते स्पॅनिश लोकांनी कॅरिबियन बेटांवर उचलले होते आणि तेथे ते रताळ्याचे नाव होते. म्हणजे कंद परका आणि नाव त्याहून परके, तेही दुसऱ्याच कंदाचे! मिरचीची कथा याहून वेगळी नाही. आमच्या गावाचे नाव मिरवणारी संकेश्वरी मिरची ज्या कुळातली, ते कूळही अमेरिकेतूनच आलेले. उपासाचे ताट पाहिले तर नवल आणखी वाढते. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिकेचे. जे आपण सर्वांत पवित्र मानून खातो, त्यातले बरेचसे आपल्या पूर्वजांनी पाचशे वर्षांपूर्वी पाहिलेही नव्हते.

बाराव्या शतकात कल्याणच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या वर्णनात आजही ओळखू यावेत असे अनेक पदार्थ आहेत. बटाटा आणि मिरची मात्र नाहीत, असूही शकत नाहीत. तिखटपणासाठी तेव्हा मिरे आणि पिंपळी होती. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असाही उल्लेख येतो. कर्नाटकातला राजा, संस्कृत ग्रंथ आणि त्यात मराठी बायकांची कांडपाची ओवी! या मुलखात ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ यांची सरमिसळ किती जुनी आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

यावर कोणी म्हणेल, की उगमाला काय महत्त्व? परक्या वस्तूही कालांतराने आपल्या होतात. हे आम्हांस मान्य आहे. परंतु मग ‘आपले होणे’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. आणि पदार्थ तोच राहिला म्हणून तो आपला, हे उत्तर पुरेसे ठरत नाही. कारण तो तसाच राहिलेला नाही. मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास स्थापन झाली व १९५६ मध्ये सिमल्यास गेली. तेथे निपजलेले कुफ्री ज्योतीसारखे वाण कर्नाटकातही पसरले. आजीच्या सासूबाईंच्या हातात जो बटाटा होता, तो आज बाजारात शोधूनही सापडायचा नाही. बेळगावच्या पश्चिमेकडचा पावसाळी बटाटा दसऱ्याच्या सुमारास निघतो. तो चिकट, फोडी धरून ठेवणारा. तो संपला की शीतगृहातला येतो आणि अति थंडाव्यात राहिलेल्या बटाट्यातील पिष्टाची काही अंशी साखर होत असल्याने तो किंचित गोड लागतो. चूल गेली, स्टोव्ह आला. स्टोव्ह गेला, गॅस आला. पातेल्याच्या जागी कुकर बसला. हिंग तर पूर्वीपासूनच इराण-अफगाणिस्तानाकडचा.

‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे? जू म्हणजे? एकेक अवयव नाकारीत गेल्यावर राजाला कबूल करावे लागते, की या सर्वांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ. आमच्या भाजीला हाच न्याय लावला, तर बटाटा म्हणजे भाजी नव्हे, हळद म्हणजे नव्हे, चूलही नव्हे. तथापि नागसेनाच्या रथात नसलेली एक गोष्ट भाजीत आहे. रथ एकदा जुळवला की उभा राहतो. भाजी दरवर्षी कोणीतरी पुन्हा करावी लागते. म्हणून तिचे सातत्य असलेच, तर ते पदार्थात नसून करणाऱ्या हातात असले पाहिजे. आपली भाषाही हेच सांगते. ‘हातची चव’ असे आपण म्हणतो. ‘बटाट्याची चव’ म्हणून कोणी डोळे मिटत नाही.

मग हा हात कोणाचा? येथे आपण विषयाच्या गाभ्यापाशी येतो. कुळाचे नाव, देवघर, शेतजमीन हे सारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांकडे चालत आले. चव मात्र मुलग्यांकडून चालत नाही. ते ती फक्त ओळखतात. मुली शिकतात, पण लग्न होऊन निघून जातात. उरते कोण? सून. ती दुसऱ्या घरात जन्मलेली, दुसऱ्याच चवीवर वाढलेली असते. ती येते, सासूच्या शेजारी उभी राहते, हिंग किती आणि साखर कधी हे पाहते आणि वीस-पंचवीस वर्षांनी तेच दुसऱ्या सुनेला दाखवते. ज्याला आपण ‘आमच्या घराण्याची चव’ म्हणतो, ती घराण्याच्या रक्तातून कधी वाहिलीच नाही. ती एका परक्या मुलीने दुसऱ्या परक्या मुलीच्या स्वाधीन केलेली ठेव आहे.

आमच्या भागापुरता याला एक अपवाद निघेल. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात दाखवले आहे, की महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्या मधला पट्टा असून येथे मामाची मुलगी करण्याची चाल आढळते. सीमाभागात तर ती सर्रास होती. अशा घरात सून ही सासूचीच भाची. तेव्हा ती परकी कशी? पण जरा विचार केला, तर हा अपवाद मूळ मुद्द्याला बळकटीच देतो. सासू आणि सून दोघी एकाच माहेरच्या असतील, तर ‘आमच्या घरची’ म्हणून मिरवलेली चव मुळात त्या माहेरची ठरते. नावाची पाटी एका घरावर आणि स्वयंपाक दुसऱ्या घरचा!

आता जी हकिकत सांगणार आहोत, ती आमच्या नात्यातल्या एका घरची, काही वर्षांपूर्वीची आहे. त्या घरात घटप्रभेकाठच्या एका कानडी कुटुंबातून सून आली. दोन-तीन दसरे तिने सांगितले तसे केले. पुढच्या दसऱ्याला तिने त्या पिवळ्या भाजीत भाजलेल्या कारळ्यांची थोडी पूड घातली. तिच्या माहेरी ज्याला गुरेळ्ळू म्हणतात, ते हे कारळे. भाजी काळसर झाली. चव खमंग, पण वेगळी. पंगतीत आजेसासूबाई होत्या, ऐंशी उलटलेल्या. त्यांनी एक घास घेतला, हात आखडला आणि म्हणाल्या, ‘सूनबाई, ही आपली भाजी नव्हे.’ आवाज चढला नाही, कोणी कोणाला बोलले नाही. पुढच्या वर्षी भाजी पुन्हा पिवळी झाली आणि सर्वांना हायसे वाटले.

अशा प्रसंगी पक्ष घेणे सोपे असते. नव्या विचारांचा मनुष्य सुनेची बाजू घेईल, जुन्या वळणाचा आजीची. आम्हांस मात्र आजीची बाजू पूर्ण ऐकल्यावाचून निवाडा करणे अन्यायाचे वाटते. ती सोळाव्या वर्षी या घरात आली. घर मोठे, माणसे अनोळखी. ज्या सासूने तिला हाताशी धरून ही भाजी शिकवली, तिचे ना छायाचित्र उरले, ना अक्षर. उरली ती एवढी भाजी. वर्षातून एकदा त्या घासातून ती मृत सासूला भेटत होती. तिचा आग्रह हा चोखंदळपणा नव्हता, तो शोकाचाच एक प्रकार होता. चवीला स्मरणाचे असे सामर्थ्य असते, हे आपण सारे जाणतो. तेव्हा ‘बदलले तर काय बिघडले?’ हा प्रश्न वाटतो तितका निरागस नाही. कधी कधी खरोखरच काही बिघडते. एखाद्याचे अखेरचे माणूस दुसऱ्यांदा जाते.

परंतु हकिकत येथे संपत नाही. त्या आजीला पुढे घरातल्या एका लहान मुलीने सहज विचारले, ‘पणजी, तुझ्या आईकडे भाजी कशी करायचे गं?’ आजीचे माहेर चंदगडकडचे. थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आमच्याकडे लिंबू नसे. आमसूल घालत.’ पासष्ट वर्षांत तिला हे कोणी विचारले नव्हते. आणि तिनेही या घरात येऊन एकदाही भाजीत आमसूल घातले नव्हते.

या एका वाक्याने प्रश्नाचे स्वरूप पालटते. आजीने जी चव राखली, ती स्वतःची चव टाकून राखली. पुढे सुनेकडून तिने जे मागितले, ते दिसायला चवीचे सातत्य होते; आत मात्र तो तसाच त्याग होता. मी माझे आमसूल सोडले, तू तुझे कारळे सोड. आपल्या परंपरांत अशा दोन ठेवी बहुधा एकमेकींत गुंडाळून पुढे दिल्या जातात: एक गुणाची, दुसरी सोसण्याची. पहिली घेतली की दुसरीही घ्यावी लागते, अशी आपली समजूत झालेली असते. नीतिविचाराचे काम असेल, तर या दोन ठेवी वेगळ्या करून पाहणे हे होय. भाजी शिकवणाऱ्या सासूची आठवण जपणे हे मोलाचे आहे. आठवण जपण्यासाठी दुसऱ्या मुलीने स्वतःची आठवण विसरावी, हे मोलाचे नाही.

स्मृतीला विनंती करता येते, हुकूम करता येत नाही, असे आम्हांस वाटते. ‘मला माझ्या सासूची आठवण येते, म्हणून एकदा तशी भाजी कर,’ असे म्हणणाऱ्या वृद्धेला कोणती सून नाही म्हणेल? ‘ही आपली भाजी नव्हे,’ या वाक्यात मात्र समोरची मुलगी ‘आपल्या’च्या बाहेर उभी राहते, आणि ती बाहेरची ठरते ती नेमकी ज्या कामामुळे ते ‘आपले’ टिकून आहे, त्याच कामाच्या जागी. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने सांगितले आहे, की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्याला स्वतःचे असे प्रयोजन आहे, हे विसरू नये. चवीचे सातत्य हे साध्य आणि सून हे त्याचे साधन, असा व्यवहार घरोघरी इतक्या प्रेमाने चालतो, की त्यातला अन्याय दिसतच नाही. प्रेम खरे असते, हीच अडचण आहे.

मग काहीच जपू नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. जपण्याचे निराळे मार्ग आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० मध्ये ‘गृहिणीमित्र’ लिहून हजार पाकक्रिया छापल्या. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि तिने वाटी-चमच्याचे माप घरोघर पोचवले. पाककृती लिहिली गेली, की ती एका स्वयंपाकघराच्या ताब्यातून सुटते. परगावी राहणारा मुलगाही ती करू शकतो आणि तेथेच एका गोष्टीची कसोटी लागते. ज्याला आईच्या हातची भाजी हवी आहे, त्याने निदान बटाटे सोलायला बसावे. चवीवर हक्क सांगायचा असेल, तर तो श्रमाच्या मार्गाने सांगावा. नुसते ओळखता येते एवढ्या भांडवलावर सांगू नये.

बदल हा नेहमी तोटाच असतो असेही नाही, याचे उदाहरण आमच्या भागात शेजारीच सापडते. निपाणी-संकेश्वरच्या पट्ट्यात जैन वस्ती मोठी आहे. त्यांच्यापैकी अनेक घरे, विशेषतः चातुर्मासात, कंदमुळे वर्ज्य करतात आणि दसरा चातुर्मासातच येतो. अशा शेजाऱ्याला पानावर बोलावले, की जाणती गृहिणी बटाट्याऐवजी कच्ची केळी घेते आणि आल्याऐवजी मिरची थोडी वाढवते. फोडणी तीच, हळद तीच, खोबरे तेच. ज्याच्या नावाने भाजी ओळखली जाते, तो बटाटाच नाही. ही ‘आपली भाजी’ म्हणायची की नाही? आमच्या मते पाहुण्यासाठी बटाटा बाजूला ठेवणारी भाजी ही सर्वांत अस्सल होय. कारण सणाचा स्वयंपाक शेवटी कोणासाठी असतो? जे गेले त्यांचे स्मरण त्यात असावेच, पण भाजी वाढायची असते ती समोर बसलेल्यांना. शेजाऱ्यासाठी ज्या सहजतेने आपण बटाटा सोडतो, तितक्याच सहजतेने सुनेसाठी चमचाभर कारळे का घालू नयेत?

आमच्या मुलखाला हा प्रश्न अधिक लागतो, याचे कारण उघड आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्याचा चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यातच राहिला. त्या आजीचे लग्न झाले तेव्हा माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात होते; काही वर्षांतच ती दोन राज्यांत गेली. पुढे १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाचा निवाडा हा या निबंधाचा विषय नव्हे. माणसाला आपल्या भाषेत शिकता-बोलता यावे, ही मागणी आम्ही न्याय्यच मानतो. परंतु जी वृत्ती आपण सरकारदरबारी आपल्याविरुद्ध उभी राहिलेली पाहतो आणि दुखावतो, ती आपल्याच माजघरात सुनेविरुद्ध उभी राहू नये, इतके तरी आपण पाहू शकतो. आपली भाषा पुसली जाण्याचे दुःख ज्याला कळते, त्याला दुसऱ्याची चव पुसली जाण्याचे दुःख कळायला हवे.

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे शिलंगणाला जातात. शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन. गावाची शीव ओलांडून जायचे, आपट्याची पाने घ्यायची आणि सोने म्हणून ती घरी आणून सर्वांना वाटायची. बाहेरून आणलेल्या पानाला सोने मानण्याची रीत ज्या सणात आहे, त्याच सणाच्या पानात अँडीजमधला बटाटा आहे, इराणकडचा हिंग आहे आणि तो शिजवणारी, लग्नाच्या दिवशीच शीव ओलांडून आलेली मुलगी आहे. त्या मुलीने काय आणले, हे तिला विचारायला पासष्ट वर्षे लागू नयेत. येत्या दसऱ्याला भाजी वाढताना ‘आपल्या घरची चव’ असे म्हणण्याआधी ती कोणाच्या माहेराहून आली, कोणी शिकवली, कोणी काय सोडून शिकली, एवढे पंगतीत एकदा उच्चारले जावे. आणि ज्यांना ती चव हवी आहे त्यांनी, विशेषतः पुरुषांनी, त्या सकाळी उकडलेले बटाटे निवेपर्यंत वाट पाहून ते सोलायला बसावे.